बॅटरीचं पाणी

आमचे सर कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात येण्याआधी साखरेचा डबा मागायचे. चहात जास्त साखर हवी म्हणून नव्हे. डबा उघडायचा, चिमूटभर साखर तळहातावर घ्यायची, घड्याळवाल्याकडे असतं तसलं भिंग खिशातून काढून डोळ्याला लावायचं आणि खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं. घरातली माणसं एकमेकांकडे बघत राहायची. आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा आईला वाटलं, साखरेत मुंग्या निघाल्या. ती बिचारी शरमून अर्धी झाली. दोन मिनिटांनी सरांनी भिंग काढलं, बोटाच्या टोकावर चिकटलेला एक दाणा तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, "हे पाहा वहिनी. याले सगळे कोपरे हायेत. असा दाना सहजी भेटत नाई. तुमचा दुकानदार चांगला हाये." त्यानंतर कित्येक दिवस आई चहात साखर टाकण्याआधी चमच्यात डोकावून बघायची.

त्यांच्या स्वतःच्या घरी काकूंनी साखरेचा डबा कपाटात कुलपात ठेवला होता. "काय करू बाई," त्या मला म्हणाल्या, "या मानसानं माझी सगळी साखर निवडली एकदा. चांगले दाने एका बाटलीत, बाकी डब्यात. तांदूळ निवडा म्हटलं का म्हनतात, त्यात का पाहाचं हाये!"

सर भिलाईतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि शिकवून उरलेल्या वेळात स्फटिक वाढवायचे. हे काम वाटतं तितकं गूढ नाही. कोमट पाण्यात क्षार विरघळवायचा, आणखी विरघळणार नाही इतका. त्यात त्याच क्षाराचा एक छोटा, निर्दोष खडा नायलॉनच्या दोऱ्याला बांधून सोडायचा. त्याला बी म्हणायचं. मग पाणी अगदी सावकाश थंड होऊ द्यायचं. क्षाराला पाण्यात जागा पुरेनाशी होते, तो त्या बीवर थरावर थर बसत जातो आणि दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढा काचेसारखा स्वच्छ स्फटिक हाती येतो. मग त्याचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कारण स्फटिकाचं जे काही व्हायचं ते सगळं त्या कातडीवरच होतं. एवढंच. यात समजायला अवघड काही नाही, अवघड आहे ते थांबणं.

माझे बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये भट्टीवर होते. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून आलेले. मी सरांकडे पीएचडीला लागले तेव्हा काम काय ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्याइकडे रोज डोंगर वितळते, अन् तुमचे सर तीन महिन्यात बोटभर खडा करून राहिले?" मी हे सरांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते खूश झाले. "बरोबर हाये बाबांचं. कोनीतरी हळूबी केलं पाह्यजे ना."

सर दुर्गचे, चार पिढ्या तिकडेच. घरात मराठी, वर्गात हिंदी, लॅबच्या अटेंडंटशी छत्तीसगढी अशी त्यांनी भाषांची नीट वाटणी केली होती, फक्त रागावले की तिन्ही एकदम यायच्या. मी मराठी आहे हे आडनावावरून कळलंच होतं, तरी पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "घरी बोलता का, का नुसतं आडनाव ठेवलं?" मी म्हटलं, घरी सगळे मराठीच बोलतो. मग प्रवेशासाठी म्हणून एकच प्रश्न विचारला. "शेवटची काचेची वस्तू कोनती फोडली?"

मी अभिमानाने सांगितलं, "एकही नाही सर."

"मंग तू काम नाई केलं," ते म्हणाले आणि प्रवेश दिला.

स्फटिकांची खोली म्हणजे कॉलेजचं जुनं भांडार होतं. आत एक मोठी काचेची टाकी, तिच्यातल्या पाण्यात बुडवून ठेवलेली बारा भांडी, आणि दर भांड्यात दोऱ्याला लटकलेलं एक बी. आत जाण्याचे नियम एका पुठ्ठ्यावर लिहून दारावर लावले होते: चपला बाहेर. अत्तर नाही. पंखा नाही. दार ढकलायचं नाही, उघडायचं. शेवटचा नियम निराळ्या शाईत मागाहून घातलेला होता: आत वाद घालायचा नाही. निघताना सर टाकीकडे तोंड करून "येतो" म्हणायचे. पहिल्यांदा मला वाटलं मला म्हणाले, म्हणून मी "हो" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कुणाचं तरी खासगी पत्र वाचलं होतं.

एकदा लग्नाची वरात कॉलेजच्या रस्त्याने आली. पुढे डीजेची गाडी. खिडकीची तावदानं थरथरायला लागली आणि टाकीतल्या पाण्यावर बारीक वळ्या दिसायला लागल्या. सर अनवाणीच धावत बाहेर गेले, गाडीच्या आडवे उभे राहिले आणि हात जोडून हिंदीत म्हणाले, "भैया, सौ कदम बस। अंदर नाज़ुक काम चल रहा है, दो महीने की मेहनत है।" नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने डीजे बंद करवला. नुसत्या पायांच्या आवाजाने ती वरात आमच्या भिंतीपलीकडून गेली. वर त्या म्हाताऱ्याने सरांच्या हातात लाडवांचा एक डबा ठेवला. सरांनी तो आत आणला, लाडू आम्हा सगळ्यांना सारखे वाटले आणि संध्याकाळपर्यंत सांगत राहिले, "पाहा, नीट सांगतलं का लोक ऐकतात."

घाईवर त्यांचा फार राग. स्फटिक घाईत वाढवला तर वाढताना मधेमधे द्रावणाचे थेंब अडकून राहतात आणि आत ढगासारखा पांढरा डाग दिसतो. सर म्हणायचे, "घाईत वाढलं का पोटात पानी राहते." हे त्यांना माणसांतही दिसायचं. नवे प्राचार्य घाईत वाढलेले. समोरची नवी इमारत घाईत वाढलेली. काकूंच्या भाचीचं लग्न आठ दिवसांत ठरलं तेव्हा जेवणाच्या पंगतीत ते मोठ्याने म्हणाले, "पोटात पानी राहीन," आणि पुढे महिनाभर काकू त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलत होत्या. ती दोघं पुढे सुखाने नांदली. सरांनी नंतर भाचीच्या घरी जाऊन माफी मागितली. साखरेचा डबाही बघून आले.

आता माझ्या कामाकडे येते. ते सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत, आणि मला मात्र ते सांगायला अजूनही जड जातं.

आम्ही पोटॅशियमच्या एका फॉस्फेटचे स्फटिक वाढवत होतो. याचा स्फटिक म्हणजे सरळ चौकोनी खांब आणि वर टोपी. त्यात एक सेंद्रिय पदार्थ चिमूटभर मिसळला तर काय होतं, हा माझा विषय. हिवाळ्यात काही न मिसळता बारा स्फटिक वाढवले, ते बारा सरळ आले. मग उन्हाळ्यात तो पदार्थ मिसळून बारा वाढवले, आणि ते बाराच्या बारा वर जाताना निमुळते होत गेले, पेन्सिलीला टोक काढावं तसे. सर किती तरी वेळ एक-एक उचलून उजेडात धरत होते. तो पदार्थ बाजूच्या भिंतींवर जाऊन बसतो आणि तिथली वाढ थांबवतो, असा आम्ही अर्थ लावला. पेपर लिहिला. एका नावाजलेल्या नियतकालिकाने तो घेतला.

तीस वर्षं काम केलेल्या माणसाचा हा पहिला पेपर होता ज्याच्याबद्दल बाहेरच्यांनी पत्रं लिहिली. सर कधी बढाया मारत नसत, पण त्या हिवाळ्यात त्या पेपरची प्रत त्यांच्या सायकलच्या पिशवीत असायचीच. भाजीवाल्यालाही त्यातलं स्फटिकाचं चित्र दाखवून झालं होतं. काकूंनी एक प्रत देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं. "हळदीचे डाग पडून राहिले," सर कुरकुरले, पण प्रत काढली नाही.

त्याच पेपरच्या जोरावर माझा थिसिस उभा राहिला. मी तो सादर केला. तोंडी परीक्षेची तारीख ठरली. त्याच्या पुढच्या महिन्यात सरकारी कॉलेजातल्या जागेची मुलाखत होती आणि तिला हातात पदवी लागत होती. बाबा त्या वर्षी रिटायर होणार होते, म्हणजे क्वार्टर सोडावं लागणार होतं. घरात सगळे त्या जागेकडे डोळे लावून बसले होते, आणि मी सगळ्यांत जास्त.

मार्चमध्ये दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेतून सरांना मेल आला. भाषा अतिशय नम्र होती. आम्ही तुमचा प्रयोग तीन वेळा केला, आमचे स्फटिक तिन्ही वेळा सरळ आले, आमचं काय चुकतंय ते कृपया सांगा.

दुसरे कुणी असते तर तुमचं तुम्ही बघा म्हणाले असते. सरांनी आपल्या बाटलीतला क्षार आणि तो पदार्थ पुडीत बांधून त्यांना कुरियरने पाठवला. सरळ की निमुळता एवढंच बघायला काही आठवड्यांचा नखाएवढा स्फटिकही पुरतो. तेवढ्यात उत्तर आलं. तुमच्या मालानेही सरळच येतायत.

सर मला खोलीबाहेर घेऊन गेले. आत वाद घालायचा नाही हा नियम त्यांनी त्या दिवशीही पाळला. "मालात नाई. म्हनजे आपल्या खोलीत हाये. आता आठव. लोह जरासं जरी गेलं का हा क्रिस्टल असाच निमुळता होते. हे साऱ्या दुनियेले माहीत हाये. आपल्यालेबी माहीत होतं. आपल्याले त्या पदार्थानं झालेलं पाह्यजे होतं, म्हनून लोह दिसलं नाई." मग त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "खोलीत दोनच मानसं जातात. तू तं नेमानं चालते. उरलो मी."

मला त्याच क्षणी ते निळे डबे आठवले.

आमच्याकडे पाण्याचा नियम होता. पाणी काचेच्या उपकरणात दोनदा ऊर्ध्वपातित करायचं, काचेतच साठवायचं. आदल्या वर्षीच्या त्या उन्हाळ्यात उपकरणाचं हीटर जळालं, नवं यायला दोन महिने लागणार होते, आणि कॉलेजच्या नळाला तर पाणीच नव्हतं. अटेंडंट रोज येऊन सांगायचा, "पानी नइ आवत हे." सर तेव्हा बहिणीच्या आजारपणात नागपूरला अडकले होते. मी पावर हाउस नावाच्या बाजारभागात गेले आणि गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी निळ्या डब्यांतून घेऊन आले. भिलाईत कुणालाही विचारा, शुद्ध पाणी कुठे मिळतं, तर तो बॅटरीचंच दुकान दाखवेल. मला त्यात चूक वाटलीच नाही. स्वच्छ होतं, काचेसारखं. सर परत आल्यावरही मी तेच वापरत राहिले, आणि भांडी भरायचं काम माझं असल्यामुळे त्यांना ते कळलं नाही. आणि वहीत मी रोज लिहीत गेले: पाणी, काचेचं, दोनदा ऊर्ध्वपातित. नेहमी तेच लिहायचे म्हणून तेच लिहिलं.

हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हो सर, बघू या."

पुढच्या महिनाभरात सरांनी स्वतःला जे सोलून काढलं ते मी रोज बघत होते. बी दोऱ्याला बांधण्याचं काम ते कुणालाच करू देत नसत, तेव्हा दोष आपल्याच बोटांचा हे ते धरूनच चालले. सायकलचं हँडल गंजलेलं होतं, म्हणून सायकल सोडली. भर मेमध्ये तासभर पायी यायला लागले. येताना रस्त्यावर प्लांटची लाल धूळ असते, म्हणून कॉलेजात आल्यावर अंघोळ आणि धुतलेला सदरा. चष्म्याची दांडी बदलली. काकू सांगत होत्या, घरातला लोखंडी तवा माळ्यावर गेला, पोळ्या आता नॉनस्टिकवर होतात आणि करपतात. आणि हात. ब्रशने आणि साबणाने ते कोपरापर्यंत हात घासत राहायचे. मेअखेर त्यांच्या बोटांची सालं निघायला लागली होती. तसल्या बोटांनी नायलॉनचा दोरा बांधताना त्यांच्या तोंडातून हलका स्स असा आवाज यायचा, आणि मी शेजारी उभी राहून कात्री पुढे करायचे.

एवढं करून पुन्हा वाढवलेले स्फटिक साहजिकच सरळ आले. हीटर केव्हाच बदललं होतं, पाणी पुन्हा काचेचं होतं. सरांना मात्र पुरावा मिळाला. हात धुतले आणि दोष गेला. त्यांनी नियतकालिकाला पत्राचा मसुदा लिहिला आणि मला वाचायला दिला. हाताळणीत माझ्याकडून लोहाचा संसर्ग झाला, मोजमापं घेणाऱ्या विद्यार्थिनीचा यात काही दोष नाही, पेपर मागे घेत आहे. "हे आता धाडत नाई," ते म्हणाले. "तुझी परीक्षा होऊ दे. परीक्षकाले मी सांगीन, दोष माझा हाये, पोरीची मोजमापं खरी हायेत. तुले जागा भेटली पाह्यजे."

मी तो कागद हातात धरून उभी होते. गप्प बसले तर पदवी मिळत होती, जागा मिळत होती. कुणालाही कधीही कळणार नव्हतं. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "जेवत कावून नाई वं?" मी म्हटलं, गरम होतंय.

दुसऱ्या दिवशी स्कूटीवरून जाताना सर रस्त्यात दिसले. डोक्यावर ओला रुमाल, हात शरीरापासून जरा लांब धरलेले, कशाला लागू नयेत म्हणून. मी थांबले. "सर, बसा ना."

"नोको. गाडीले लोखंड हाये."

मी स्कूटी उभी केली. तिथे एक गुलमोहर होता, त्याच्या सावलीत त्यांना ओढून नेलं म्हटलं तरी चालेल, आणि सगळं एकदम सांगून टाकलं. "सर, तुमचे हात नाई. पानी. मी पावर हाउसहून बॅटरीचं पानी आनलं होतं."

त्यांना समजायला वेळ लागला. "किती दिवस?"

"त्या बाराही भांड्यात."

"वहीत?"

"वहीत आपलं काचेचंच लिहिलं."

एक ट्रक गेला, एक रिक्षा गेली. मी रडत होते आणि ते माझ्या डोक्यावरून रस्त्याकडे बघत होते. मग म्हणाले, "दुकान हाये अजून?"

"हाये."

"चाल." आणि माझ्या मागे स्कूटीवर बसले. एका हाताने मागचा लोखंडी दांडा धरून.

आधी कॉलेजात जाऊन त्यांनी दोन परीक्षानळ्या आणि दोन छोट्या बाटल्या खिशात घातल्या. पावर हाउसच्या त्या दुकानात मागे एक मोठा ड्रम होता, लोखंडी, आतून रंगवलेला, आणि रंगाचे पोपडे निघालेले. त्यातून डबे भरत होते. दुकानदाराला वाटलं तपासणीवाले आले. "सर, पानी एकदम साफ है, गाड़ी में डालने का है, कोई पीता थोड़ी है!" सरांनी त्याला हाताने शांत केलं, नळीत ते पाणी घेतलं, एका बाटलीतलं आम्ल टाकलं, मग दुसऱ्या बाटलीतले चार थेंब. पाण्यात लोह असेल तर त्याने लाल रंग येतो. नळीत डाळिंबाच्या दाण्यासारखी फिकट लाली चढली. दुकानदार दोन पावलं मागे सरला.

"आलं!" सर ओरडले. "पाह्य, पाह्य, आलं!" महिनाभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उघडला होता. त्यांनी नळी माझ्या डोळ्यांपुढे धरली, दुकानदाराच्या डोळ्यांपुढे धरली. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा मिटला.

बाहेर येऊन ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पानी नव्हतं तं नव्हतं. बॅटरीचं टाकलं, मीबी टाकलं असतं. त्याचा राग नाई मले. पन वहीत लिहाले दोन शब्द लागतात वं. दोन शब्द. ते कावून नाई लिहिले?"

आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पत्र त्यांनी नव्याने लिहिलं आणि त्यात घडलं तसं घातलं, पाणी कुठलं, ड्रम कसला, नोंद कशी चुकली, सगळं. माझं नाव माझ्या हट्टाने घातलं, आणि त्यांचं त्यांच्या. "रोज त्या वहीवर सही कोन करत होतं?" एवढंच म्हणाले. काकूंनी देवघरातली प्रत काढली, पण फेकली नाही, कुठल्या तरी पोथीखाली ठेवली.

तोंडी परीक्षा रद्द झाली. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. आम्ही क्वार्टर सोडून खुर्सीपारच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो, आणि सामान आईने एकटीनेच बांधलं, मला दोरीही धरू दिली नाही. बाबांना मात्र सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी सहज मान हलवली. "भट्टीतला माल खराब निघाला तं आम्ही लपवत नाई. पुन्हा वितळवतो. तू पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. त्या आठ दिवसांच्या अबोल्यानंतर नवव्या दिवशीच सर सायकलवर आले, गेटपासून घंटी वाजवत. हातांवर काकूंनी लावलेलं खोबरेल चमकत होतं. खोलीत गेल्यावर त्यांनी नायलॉनचा दोरा काढला, बी काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. "तू बांध." एवढ्या वर्षांत त्यांनी ते काम कुणाला दिलेलं मी बघितलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला गाठ बसली.

नव्या पाण्यात त्या पदार्थाने स्फटिकाला जवळजवळ काहीच होत नाही, असं वर्षभराने सिद्ध झालं. काही होत नाही हे सांगायलाही तेवढीच मोजमापं लागतात. माझ्या थिसिसमधलं ते प्रकरण सगळ्यांत कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत खरं. त्यावर मला पदवी मिळाली. तोवर सर रिटायर झाले होते.

पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. मी पाया पडले, काकूंनी पेढा माझ्याच तोंडात कोंबला आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या. सर उठून कपाटाशी गेले आणि काळ्या बांधणीचं एक जुनं जाड पुस्तक घेऊन आले. त्यांचा स्वतःचा थिसिस. एक पान त्यांना शोधावं लागलं नाही, पुस्तक तिथेच उघडलं. एक आलेख होता. द्रावण किती दाट, आणि पृष्ठभाग किती वेगाने वाढतो. हाताने काढलेली सरळ रेघ आणि तिच्यावर सात बिंदू.

"मोज," ते म्हणाले.

"सात."

"मी सहा घेतले होते." त्यांनी सातव्यावर बोट ठेवलं. "हा नाई घेतला. टाकी फुटली होती अन् तारीख जवळ आली होती. कुठी पडाले पाह्यजे ते दिसतच होतं, म्हनून मोजल्याबिगर मांडला. आमच्या सरांना हाच आलेख सगळ्यात जास्त आवडला. सगळ्यांना दाखवत. त्याच्यानंतर ते बारा वर्षं जगले, रायपूरलेच होते. मी दर दिवाळीले जात होतो. दर वेळी ठरवून जात होतो का आज सांगतो. फराळ खाऊन वापस यायचो."

आत स्टोव्हचा आवाज थांबला होता. काकू दारात येऊन उभ्या होत्या, हातात गाळणी. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"तुले एक महिना लागला," सर म्हणाले. "त्या झाडाखाली तू रडत होती ना, तं तुले वाटलं मी रागानं चूप हाओ. मले तुझा हेवा वाटून राहिला होता वं. मी कोनाले सांगू आता? ते तं गेले."

सत्तरीकडे निघालेला माणूस माझ्यापुढे खुर्चीच्या कडेवर बसला होता, बाहेर उभ्या केलेल्या विद्यार्थ्यासारखा, माझ्या तोंडाकडे बघत. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि खिडकीशी नेलं. सातव्या बिंदूवर अंगठा ठेवला आणि उरलेले नीट बघितले. रेघ जिथे होती तिथेच होती. तसूभरही हलत नव्हती.

मी परत येऊन पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"सहा पुरे होते सर," मी म्हटलं.